पळत्याला धूळ, बसत्याला सिंह

पोरी, ऑगस्टात केनियातल्या मसाई माराला निघालीस हे कळल्यापासून मला इथे घरबसल्या त्या वाळक्या गवताचा वास येतोय. नवा कॅमेरा झाला, खिडकीबाहेर डोकावणारं भलंमोठं भिंग झालं, आता मावशीचा कानमंत्रही घेऊन जा. मी तीनदा जाऊन आले आणि पहिल्या खेपेला जवळपास सगळंच चुकलं. तुझं तरी चुकू नये म्हणून हे लिहिते आहे.

१. पहाटे सहाला गाडी फाटकाशी उभी हवी, उन्हं अंगावर येईपर्यंत लोळणं तुझ्या घरी — विषुववृत्ताजवळ साडेसहाला सूर्य उगवतो आणि सरळ वर चढतो, दहा वाजता प्राण्याच्या डोळ्यांखाली काळी सावली पडलेली असते.

२. स्वेटर, कानटोपी घे. आफ्रिका म्हणजे ऊन, असं म्हणून हसू नकोस — मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर आहे, उघड्या छताच्या गाडीत ऑगस्टातल्या पहाटे बोटं इतकी गारठतात की बटण दाबवत नाही.

३. निघताना चहा अर्धाच कप — वाटेत हवं तिथे उतरता येत नाही, आणि भरल्या पोटी जंगल दिसत नाही.

४. पहिल्याच संध्याकाळी गाइडला सांगून टाक, ‘आम्हाला कमी पाहिलं तरी चालेल, पण बसून पाहायचंय.’ — नाहीतर पाहुण्यांना सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस अशी यादी पुरी करायची असते असं धरून तो बिचारा दिवसभर गाडी पळवत राहील. त्याला नावाने हाक मार, ‘हबारी’ म्हणून विचारपूस कर, निघताना ‘असांते’ म्हण. वायरलेसवर ‘सिंबा’ ऐकलंस तर सिंह, ‘चुई’ म्हणजे बिबट्या, ‘डूमा’ म्हणजे चित्ता.

५. प्राणी दिसला की आधी इंजिन बंद करायला सांग, मग कॅमेरा उचल — थरथरत्या गाडीतून महागातलं भिंगही पुसट फोटो काढतं, शिवाय आवाज थांबला की चरणारं जनावर पुन्हा चरायला लागतं. इंजिन बंद, जंगल सुरू. भिंग टेकवायला कापडी पिशवी शिवून रिकामीच ने, तिथे पोचल्यावर तांदूळ नाहीतर घेवड्याचे दाणे भर — विमानात वजन कशाला वाहायचं? माराच्या छोट्या विमानांत माणशी साधारण पंधरा किलोच सामान चालतं, तेही मऊ पिशवीत.

६. कॅमेऱ्यावर घालायला उशीचा जुना अभ्रा घे, प्लास्टिकची पिशवी नको — तिथली धूळ पिठासारखी बारीक असते, आणि केनियात २०१७पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. २०२०पासून राखीव जंगलांत एकदा वापरून फेकायच्या बाटल्याही चालत नाहीत, तेव्हा घरची स्टीलची बाटली घे. भिंग बदलायचं ते मुक्कामी, चालत्या गाडीत कधीच नाही.

७. ताडोब्यात आपण सांबराच्या, चितळाच्या कॉलवर कान लावून बसतो ना, इथे डोळे लाव — मैदान उघडं आहे. टोपी नावाचं तांबूस-काळसर कुरंग वारुळावर चढून पहारा देतं. ते एकटक कुठे बघतंय ते बघ, तिकडच्या गवतात बहुधा कोणीतरी बसलेलं असतं.

८. आता नीट ऐक, सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. चित्त्याभोवती गाड्यांचं कडं पडलं असेल तर आपली गाडी त्यात घालू नकोस. माझ्या पहिल्या खेपेला एक मादी दोन पिल्लांना घेऊन झुडपाच्या सावलीत बसली होती. समोर हरणं चरत होती, ती उठायच्या बेतात होती. आमच्या आग्रहाखातर गाडी पुढे गेली, मागून आणखी आल्या, मी मोजल्या तेव्हा चौदा होत्या. ती उठली, दोन पावलं टाकली, गाड्यांच्या फटीतून पाहिलं आणि पुन्हा बसली. हरणं निघून गेली. पिल्लं तिच्या पोटाशी तोंड खुपसत होती आणि मी अगदी जवळून काढलेल्या फोटोवर खूश होते. तो फोटो मी आजवर भिंतीवर लावलेला नाही.
चित्ता दिवसा शिकार करतो, काहीशे मीटरच्या धावेत दमून जातो, आणि तरसं नाहीतर सिंह आले तर तोंडचा घास सोडून निघून जातो. २०१८ साली माराच्या परिसरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पर्यटकांची गर्दी कमी होती तिथे चित्त्याच्या मादीची एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली, गर्दी जास्त होती तिथे फक्त ०.२. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. एका प्राण्यापाशी पाचच गाड्या आणि किमान पंचवीस मीटर अंतर, असा तिथला नियम आहे. गाइड मोडायला निघाला तर तू ‘पोले पोले’ म्हण, म्हणजे हळूहळू — पाहुणा थांबा म्हणाला तर तो थांबतो, कारण तो पुढे जातो तो बहुतेकदा आपल्याच हौसेपायी.

९. हत्ती वाटेत आला तर वाट त्याची. कान पसरून डोकं झटकायला लागला, किंवा नराच्या कानशिलावरून ओला ओघळ दिसला, तर गाडी मागे घ्यायला सांग — माजावर आलेला हत्ती कोणाचं ऐकत नाही. हत्तीशी हुज्जत, घराला हुरहुर.

१०. नदीकाठी तंबू असेल तर अंधारात एकटी बाहेर पडू नकोस, टॉर्चने खूण करून अस्कारीला, म्हणजे पहारेकऱ्याला बोलव — पाणघोडे रात्री पाण्याबाहेर येऊन चरतात, आणि त्यांच्या व पाण्याच्या मधे सापडलेल्या माणसाची धडगत नसते.

११. सिंह गाडीला सरावलेले असतात, माणसाला नाही. हात बाहेर नको, छतावर चढून बसणं नको, मोठ्याने ‘अगं बाई’ तर मुळीच नको, मी ओळखते तुला.

१२. नदी ओलांडणारे विल्डबीस्ट बघायला जाशील तेव्हा दिवसभराची शिदोरी घे. कळप काठावर तासन्‌तास उभा राहतो, कधी आल्या वाटेने परत फिरतो. उतरायच्या वाटेवर गाडी लावू देऊ नकोस — पुढचं जनावर बिचकलं की मागचे शेकडो खोळंबतात.

१३. फोटोचं म्हणशील तर थोडकंच सांगते. नेम जवळच्या डोळ्यावर धर, धावत्या जनावराला सेकंदाचा हजारावा भाग तरी ठेव, आणि प्राणी ज्या बाजूला बघतोय तिकडे चौकटीत जागा सोड. पहिले दहा फोटो झाले की कॅमेरा मांडीवर ठेव — आधी डोळ्याने टिप, मग भिंगाने.

१४. काहीच दिसत नाही त्या दुपारी जुन्या वारुळापाशी थांब. आम्ही एकदा असेच थांबलो तर वारुळाच्या भोकातून पट्टेरी मुंगसाचं एक डोकं वर आलं, मग दुसरं, मग बाराएक. एका पिल्लाच्या नाकावर मातीचा ठिपका होता. ते शिंकलं, आईच्या शेपटीवर पडलं आणि तिथेच झोपी गेलं. पाऊण तास आमच्या गाडीत कोणी बोललं नाही. बाभळीच्या शेंड्यावर जांभळ्या छातीचा रोलर दिसेल, तो आपल्या नीलपंखाचा सख्खा चुलतभाऊ, त्यालाही वेळ दे.

१५. गेंड्याचा फोटो टाकताना जागा सांगू नकोस, फोनमधली ठिकाणाची नोंद आधीच बंद कर — शिंगासाठी मारणारे लोकही फोटो बघतात. आणि मसाई माणसाचा फोटो काढायचा तर आधी विचार, नको म्हणाला तर कॅमेरा खाली.

१६. पिवळ्या तापाची लस अजून घेतली नसशील तर उद्याच सरकारी मान्यतेच्या केंद्रात नाव नोंदव — दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो, एकदा मिळाला की जन्मभर चालतो, आणि तो नसेल तर परत येताना भारतात विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. दाखल्याचं ते पिवळं पुस्तक पासपोर्टाला रबर लावून ठेव.