अल्पऊर्जा संवेदक बोर्डाचे नूतनीकरण : चिप बदलताना

भूजलाची पातळी किंवा पाण्याच्या मीटरचे वाचन दूरवर कळविणारी उपकरणे अनेकदा विजेची जोडणी नसलेल्या ठिकाणी बसविली जातात. एकाच विद्युतघटावर त्यांनी सुमारे दहा वर्षे चालावे, अशी अपेक्षा असते. त्यामुळे अशा बोर्डावरील चिप बदलणे हा केवळ वेगाचा नव्हे, तर उपकरणाच्या आयुर्मानाचा प्रश्न ठरतो.

पार्श्वभूमी

‘नॅरोबँड आयओटी’ हे मानक 3जीपीपी या संस्थेने 2016 मध्ये ‘प्रकाशन 13’ अंतर्गत निश्चित केले. त्यात केवळ 180 किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा वापरला जातो. नॉर्वेतील नॉर्डिक सेमीकंडक्टर या कंपनीची एनआरएफ 9160 ही चिप 2018 मध्ये आली. 2023 मध्ये जाहीर झालेली एनआरएफ 9161 तिच्याच पायजोडणीची आहे. त्यामुळे ती जुन्या बोर्डाच्या आराखड्यात बसू शकते. एनआरएफ 9151 मात्र आकाराने लहान असल्याने तिच्यासाठी बोर्डाची नव्याने मांडणी करावी लागते.

लाभ कोणते?

नव्या चिप ‘प्रकाशन 14’ला अनुसरतात. माहिती पाठवून झाल्यावर ‘आता पाठविण्यासारखे काही उरलेले नाही’ असा संकेत उपकरण देते व जाळे ती जोडणी लवकर सोडते. रेडिओ जागा राहण्याचा काळ घटल्याने ऊर्जा वाचते. अर्थात, सेवापुरवठादाराच्या जाळ्यात ही सोय असणे आवश्यक आहे. शिवाय एनआरएफ 9151 मध्ये 23 डीबीएमऐवजी 20 डीबीएम, म्हणजे 200 ऐवजी 100 मिलिवॅट कमाल प्रक्षेपणशक्तीचा पर्याय आहे. त्यामुळे घटावर क्षणिक पडणारा भार कमी होतो.

हिशेब बोर्डाचा करावा

सरासरी 20 मायक्रोअँपिअर प्रवाह घेणारे उपकरण 2400 मिलिअँपिअर-तासांच्या घटावर 1,20,000 तास, म्हणजे सुमारे 13.7 वर्षे चालेल (घटाची स्वतःची झीज वगळता). आता घटाचा दाब मोजण्यासाठी 3.6 व्होल्टवर एकूण 180 किलोओहमचा विभाजक कायम जोडलेला असेल, तर तो एकटाच आणखी 20 मायक्रोअँपिअर घेतो. आयुर्मान निम्म्यावर, म्हणजे 6.8 वर्षांवर येते. चिप कितीही काटकसरी असली, तरी ही गळती ती भरून काढू शकत नाही. मोजणीपुरताच विभाजक जोडणारा स्विच हा यावरील सोपा उपाय होय.

दक्षता

नव्या चिपसाठी आज्ञावली पुन्हा संकलित करावी लागते, मोडेमची आज्ञावली वेगळी असते आणि अँटेनाची जुळणी नव्याने तपासावी लागते. भारतात दूरसंचार विभागाच्या प्रमाणन नियमांचाही फेरविचार आवश्यक ठरतो.

सारांश, नूतनीकरणाचे यश चिपच्या माहितीपत्रकावरून ठरत नाही. निद्रावस्थेत संपूर्ण बोर्ड प्रत्यक्षात किती प्रवाह घेतो, या मोजमापावरच ते ठरते.