खिडकीतला टोमॅटो : खोपोलीच्या हिवाळ्यासाठी एक धडा



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या पत्रिकेत तोडणी, खोडवा आणि पाचट यांवाचून दुसरा विषय निघत नाही. या अंकात थोड्या वेगळ्या शेतीविषयी लिहीत आहोत, आणि तीही शेत हाताशी नसलेल्यांच्या. आपल्या कित्येक सभासदांची मुले नोकरीनिमित्त बोरघाट उतरून खोपोली, खालापूर, कर्जत भागात राहतात. दोन खोल्यांचा ब्लॉक, नाही तर चाळीतली खोली. अंगण नाही, परसू नाही. गावाहून नेलेले टोमॅटोचे बी हौसेने डब्यात लावतात. रोप उगवते, काडीसारखे उंच होते, चार फुले येतात, ती गळतात, आणि डबा पुन्हा माळ्यावर जातो. मग सर्वांचे मत पडते की खोपोलीची हवाच टोमॅटोला मानवत नाही.

हे मत आम्हांला पटत नाही. खोपोलीचा हिवाळा टोमॅटोला चांगला मानवतो. अडचण हवेची नाही, घराची आहे. शेतात ऊन, वारा आणि मोकळी जमीन या तीन गोष्टी फुकट मिळतात, म्हणून त्यांचा हिशोब कोणी ठेवत नाही. घरात त्या तिन्ही आपल्याला हाताने पुरवाव्या लागतात. एवढे एक ध्यानात आले की पुढचे सगळे सोपे आहे.

थंडीची भीती किती?

घरात टोमॅटो वाढवण्याची रीत मुख्यत: थंड देशांतली. हॉलंडमध्ये काचेची मोठमोठी घरे बांधून त्यांत पीक घेतात. तिथे २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस पावणेआठ तासांचाच असतो, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून पंधराएक अंशच वर येतो. तिथल्या बागायतदाराला काच लागते, ऊब लागते, आणि हिवाळी पीक घ्यायचे तर दिवेही लागतात.

खोपोलीला त्याच दिवशी सुमारे अकरा तासांचा दिवस असतो आणि दुपारी सूर्य ४८ अंशांपर्यंत चढतो. टोमॅटोच्या फळधारणेला रात्रीचे तापमान १५ ते २० अंश सेल्सिअस असले की उत्तम. १० अंशांच्या खाली गेले तर परागकण नीट तयार होत नाहीत, आणि दिवसा ३५ च्या वर गेले तर फूल गळते. निफाडला पारा कधी कधी ५-६ अंशांवर उतरतो, तशी थंडी घाटाखाली पडत नाही. म्हणजे हिवाळ्यात ऊब देण्याचा प्रश्नच नाही. दिवे, हीटर, तयार पेट्या यांवर पैसे घालवू नयेत.

खोपोलीत टोमॅटोचा खरा वैरी पावसाळा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, महिनोन्‌महिने ढग आणि दमट हवा. त्या काळात पाने करप्याने जातात, मुळे सडतात. म्हणून पाऊस ओसरताना पेरावे आणि उन्हाळा तापण्याआधी पीक उरकावे.

ऊन : आधी खिडकी, मग बी

नवरात्रात आपण घटाभोवती धान्य पेरतो. देवघराच्या अंधारात ते नऊ दिवसांत वीतभर वाढते, पण पिवळे आणि लुसलुशीत. तेच धान्य शेतात इतके उंच होत नाही, पण हिरवे आणि टणक असते. उजेड शोधण्यासाठी रोप नुसते लांबत जाते, अंग धरत नाही. खोलीच्या कोपऱ्यातल्या टोमॅटोचे हेच होते. उंच वाढले म्हणजे जोमात आले असे समजू नये.

टोमॅटोला रोज निदान सहा तास थेट ऊन पाहिजे. खोपोलीच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे, त्यामुळे सकाळचे ऊन उशिरा येते. पूर्वेच्या खिडकीवर फार भिस्त ठेवू नये. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणून दक्षिणेची खिडकी सर्वांत उत्तम, त्याखालोखाल पश्चिमेची. उत्तरेच्या खिडकीत टोमॅटो लावूच नये, तिथे पुदिना लावावा. गंमत अशी, की हीच दक्षिणेची खिडकी जूनमध्ये दुपारी कोरडी राहते, कारण तेव्हा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो. तेव्हा उन्हाळ्यात पाहून खिडकी ठरवू नये, हिवाळ्यातच पाहावी.

आता डबा कुठे ठेवायचा? दक्षिणेच्या खिडकीची खालची चौकट जमिनीपासून ३ फुटांवर आणि वरची ६ फुटांवर आहे असे धरू. डिसेंबरात भर दुपारी ऊन आत येते ते भिंतीपासून पावणेतीन फुटांपासून साडेपाच फुटांपर्यंत जमिनीवर पडते. भिंतीला लागून, खिडकीच्या अगदी खाली जमिनीवर ठेवलेला डबा सावलीतच राहतो! म्हणून डबा स्टुलावर किंवा फळीवर, खिडकीच्या खालच्या चौकटीइतका उंच करून, चौकटीला चिकटून ठेवावा. बाहेर छज्जा मोठा असेल तर ऊन आणखी कमी येईल. अशा घरात लोखंडी ग्रिलमध्ये डबा बसवावा, पण तो तारेने पक्का बांधावा. खालून माणसे जातात.

ऊन एका बाजूने येते, म्हणून रोप तिकडे कलते. रोज सकाळी डबा पाव वळसा फिरवावा. पाणी घालतानाच हे काम केले की विसरत नाही.

पेरणी आणि जात

वेळापत्रक सणांवर बसवले की लक्षात राहते. नवरात्राच्या सुमारास बी पेरावे. दिवाळीच्या आगेमागे रोप डब्यात लावावे. पहिले पिकलेले फळ संक्रांतीच्या सुमारास मिळेल, आणि शिमग्यापर्यंत तोडा चालेल. मार्चमध्ये पारा पस्तिशी ओलांडू लागला की फुले गळू लागतात. तेव्हा रोपाचा मोह सोडावा.

घरासाठी बुटकी, मर्यादित वाढणारी जात घ्यावी. दिल्लीच्या पुसा संस्थेची 'पुसा अर्ली ड्वार्फ' यासाठी चांगली. चेरी टोमॅटोही खिडकीत बरे येतात, कारण लहान फळ पोसायला ऊन कमी पुरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'धनश्री', 'भाग्यश्री' या जाती शेतासाठी नावाजलेल्या आहेत, पण त्यांना शेतासारखाच आधार आणि जागा द्यावी लागते. बाजारातल्या संकरित टोमॅटोचे बी काढून लावले तर रोप येते, पण फळ आईसारखे येईलच असे नाही.

बी पाव इंच खोल पेरावे. पाच ते आठ दिवसांत उगवते. उगवल्या दिवसापासून रोप उन्हात पाहिजे. चार-पाच पाने झाली, साधारण महिनाभराचे झाले, की डब्यात हलवावे. लावताना खालची पाने काढून खोड पहिल्या पानापर्यंत मातीत पुरावे. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळे फुटतात. वांगी-मिरचीपेक्षा टोमॅटो या बाबतीत उदार आहे.

डबा आणि माती

गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा एका रोपाला पुरतो. बुडाला बोटभर रुंदीची पाच-सहा भोके पाडावीत, कडा ठोकून घ्याव्यात, भोकांवर खापरी ठेवावी. एका डब्यात एकच रोप. दोन लावली तर दोन्ही उपाशी राहतात.

खोपोलीची लाल माती नुसती भरली तर डब्यात विटेसारखी घट्ट बसते. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले खत, एक भाग अर्धवट जाळलेले भाताचे तूस असे मिश्रण करावे. कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख, तुसाला तोटा नाही. खत म्हणून आपल्या कारखान्याचे प्रेसमड कंपोस्ट उत्तम चालते, पण ते पूर्ण कुजलेले, गार झालेले आणि काळे भुसभुशीत असावे. ताजे प्रेसमड कुजताना तापते आणि मुळे भाजते. वर आच्छादनाला उसाच्या पाचटाचे बारीक तुकडे पसरावेत. गावाहून खोपोलीला जाणाऱ्या पिशवीत भाकरीच्या पिठाबरोबर एवढे सहज मावेल.

दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत द्यावे. ऊसवाल्याचा हात युरियाकडे आपोआप जातो, तो इथे आवरावा. नत्र जास्त झाले की पाला माजतो आणि फळ बसत नाही.

पाणी

शेतात मुळे ओल शोधत खाली जातात. डब्यात ती जाणार कुठे? पाणी घड्याळ पाहून देऊ नये, बोट घालून द्यावे. दोन पेरे माती कोरडी लागली की बुडाच्या भोकातून पाणी ठिबकेपर्यंत घालावे. खालच्या ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावे.

चार दिवस कोरडे आणि पाचव्या दिवशी बादलीभर, असे केले तर फळाचे बूड काळे पडते. हा रोग नव्हे. पाण्याबरोबर फळात जाणारे कॅल्शियम खंडित पुरवठ्यामुळे पोचत नाही, म्हणून तसे होते. औषध आणायची गरज नाही, पाण्याची शिस्त लावावी.

वारा

फूल येते आणि गळते, ही सर्वांत मोठी तक्रार. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. पराग एका नळीत असतो आणि फूल हलले की तो खाली पडतो. शेतात हे काम वारा करतो, काही रानमाश्या पंखांच्या कंपनाने करतात. बंद खोलीत ना वारा, ना माशी. हॉलंडच्या काचघरांतही हीच अडचण होती. तिथे पूर्वी माणसे कंप देणारी दांडी घेऊन एकेक घोस हलवत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून या कामासाठी पाळलेल्या भुंग्यासारख्या माश्या काचघरांत सोडू लागले.

आपल्याला ना दांडी लागते, ना माशी. फुले उमलली की रोज सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, हवा कोरडी असताना, घोसाच्या देठाला मागून हलकी टिचकी मारावी. फुलाला हात लावू नये. शाळेत जाण्याआधी किंवा सुट्टीच्या दिवशी हे काम मुलांना द्यावे. टिचकी मारलेल्या घोसात हिरवे दाणे धरलेले त्यांनी स्वत: पाहिले, की फूल आणि फळ यांचा संबंध पुस्तकाशिवाय कळतो.

कीड आणि रोग

पांढरी माशी पानांचा रस शोषते आणि पाने आकसण्याचा विषाणूही पसरवते. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून रोपाजवळ टांगावा, माश्या चिकटतात. पाने आकसून रोप गुच्छासारखे झाले तर ते उपटून टाकावे, त्याला औषध नाही. बाकी किडीसाठी लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून फवारावी.

एक गोष्ट आम्ही बजावून सांगतो. शेतातले कीटकनाशक डब्यातल्या रोपावर फवारण्यासाठी घरात नेऊ नये. ज्या खोलीत स्वयंपाक होतो, लहान मूल झोपते, त्या खोलीत विष फवारून मिळवलेला टोमॅटो कुणाच्या कामाचा?

तंबाखू मळणाऱ्यांनी रोपाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. तंबाखूतला मोझॅक विषाणू हाताने टोमॅटोला जातो. हिरवे रोप दिवसाउजेडी अचानक माना टाकू लागले तर खोड तिरपे कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरावे. दुधाळ धार पाण्यात उतरली तर तो जिवाणूजन्य मर रोग. कोकणच्या आंबट जमिनीत तो नेहमीचा आहे. ती माती पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरचीला वापरू नये.

हिशोब

आता सभासद म्हणतील, हिवाळ्यात टोमॅटो बहुधा स्वस्तच असतो, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. एका डब्यातून किलो-दोन किलो फळ निघाले तरी समाधान मानावे. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता, पण खिडकीतले पीक तेव्हा नसते. रुपयांत मोजले तर बचत थोडी.

पण दोन फायदे आहेत. ज्यांची खालापूर-कर्जतकडे थोडी भातजमीन आहे, त्यांनी नवरात्रात खिडकीत किंवा पडवीत रोपे तयार केली, तर भात कापून शेत मोकळे होताच ती लावता येतात. उन्हाळा तापण्याआधीचे महिनाभर हाती येते, आणि ते महत्त्वाचे. दुसरा फायदा घरातला. शेतकऱ्याच्या मुलाचा मुलगा आज ब्लॉकमध्ये वाढतो आहे. माती किती ओली आहे हे बोट घालून ओळखणे, पान पाहून रोपाचे दुखणे सांगणे, ही विद्या शाळेत मिळत नाही, आणि एक पिढी खंड पडला तर ती परत येत नाही. एक डबा, एक खिडकी आणि रोजची पाच मिनिटे यांत ती टिकत असेल, तर सौदा महाग नाही.

येत्या खेपेला खोपोलीला मुलाकडे जाल, तेव्हा आधी दुपारी खिडकीत ऊन कुठवर येते ते पाहून घ्या. बी त्यानंतर न्या.