तू बास घे, बाकीचं होतं

अगं, हौस मुलांना आहे, नवऱ्याला त्याहून जास्त, आणि घरचा ब्लूग्रास बँड म्हटल्यावर पोटात गोळा मात्र तुझ्या आला. साहजिक आहे. लेकीचा फिडलचा क्लास, धाकट्याचा बँजो, तुझी नोकरी, स्वयंपाक, रविवारची मराठी शाळा, आणि त्यात आता गावच्या मेळ्यात वाजवायचं आमंत्रण. पण तू म्हणालीस ना, ‘मी आपली गाडी चालवीन, डबे भरीन आणि सगळ्यांना सरावाला बसवीन’, तिथेच मी तुला थांबवते. खरं सांगू का, अशा बँडमध्ये आई नुसती मॅनेजर झाली की घरात कटकटी सुरू होतात. मुलांना वाटतं, आपण वाजवायचं आणि हिने चुका काढायच्या. त्यापेक्षा तू स्वतः वाद्य धर.

आणि ते वाद्य म्हणजे बास. तो उभा, तुझ्याहून उंच, बघूनच धडकी भरते हे मला माहीत आहे. पण व्हायोलिनच्या दुकानांत भाड्याने मिळतो, त्यामुळे एकदम मोठा खर्च नाही. गाडीच्या मागच्या सीट पाडल्या की आत मावतो. आता नीट ऐक. सुरुवातीची कितीतरी गाणी जी, सी आणि डी या तीन कॉर्डवर निघतात. जी आणि डी वाजवताना तुझं काम मोकळ्या तारांवरच भागतं, बोट दाबावं लागतं ते सी आला की. ब्लूग्रास हे अमेरिकेतलं तारवाद्यांचं संगीत, त्यात ड्रम नसतात, म्हणून ठेका धरायचा तो बासने. एक-दोन-तीन-चार मोज. एक आणि तीनवर तुझी तार, दोन आणि चारवर मँडोलिनचा ‘चॉप’, म्हणजे तोडकी थाप. तुमच्याकडे मँडोलिन नाही, तर लेकीने फिडलच्या बोने तीच थाप द्यायची. तू माहेरी भजनाला टाळ धरायचीस ना? मग लय कशी सांभाळायची हे तुला शिकवायला नको. पहिले काही आठवडे बोटांना फोड येतील, तेवढे सोस.

‘या वयात कुठे?’ म्हणू नकोस. चेरीहोम्स कुटुंबाचं बघ. लॉस एंजेलिसची माणसं. 1999 मध्ये त्यांची मोठी मुलगी गेली. त्या दुःखात घर कोलमडू नये म्हणून आईवडील बाकीच्या मुलांना घेऊन एका ब्लूग्रास महोत्सवाला गेले, आणि मग सगळ्यांनी मिळून वाजवायचं ठरवलं. वडील जेरी बासवर, आई सँडी मँडोलिनवर, सियाकडे बँजो, स्किपकडे गिटार, बी. जे. आणि मॉली फिडलवर. 2005 मध्ये इंटरनॅशनल ब्लूग्रास म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा मोठा मान त्यांना मिळाला. तुला पुरस्कारासाठी नाही सांगत गं. मला त्यातलं आवडतं ते हे, की आईवडील मुलांच्या मागे उभे राहिले नाहीत, त्यांच्या शेजारी उभे राहिले.

आता धाकट्याचा बँजो. घरात कान किटतात म्हणालीस. बँजोच्या मागच्या बाजूला, कातडं आणि आतला दांडा यांच्यामध्ये, एक जुना मोजा किंवा छोटा नॅपकिन खोचून दे. आवाज निम्म्याने उतरतो, सराव थांबत नाही आणि शेजारीही सुखी. पण त्याला ‘तुझं वाद्य फार कर्कश आहे’ असं कधी बोलू नकोस. बिल मन्रो, ज्याने ही सगळी परंपरा उभी केली, तो केंटकीतल्या रोझीनचा, भावंडांत सगळ्यांत धाकटा. फिडल आणि गिटार मोठ्या भावांनी आधीच घेतलेली, याच्या वाट्याला मँडोलिन आलं. तेसुद्धा फार वाजू नये म्हणून त्याला चारच तारा लावायला सांगितल्या, एरवी आठ असतात. पुढे त्याच मँडोलिनने त्याने अख्ख्या संगीताला नाव मिळवून दिलं. धाकट्यांना गप्प करताना मला हे नेहमी आठवतं. आणि तुझा मुलगा नॉर्थ कॅरोलायनात वाढतोय. तीन बोटांनी बँजो वाजवायची पद्धत ज्याने जगभर नेली तो अर्ल स्क्रग्ज याच राज्याचा. शेल्बीला त्याच्या नावाचं म्युझियम आहे, एका शनिवारी लेकाला तिथे ने. महिनाभराचा उत्साह भरून येईल.

सरावाचं सांगते. रोज जेवणानंतर वीस मिनिटं, ओटा आवरायच्या आधी. आवरायला गेलीस की संपलं. प्रत्येक मुलाने आठवड्याला एक गाणं निवडायचं आणि त्या गाण्यात म्होरक्या तोच. ब्रेक, म्हणजे एकट्याने वाजवायचा तुकडा, कुणाला आणि कधी हे तो सांगेल, तुम्ही मोठ्यांनी मुकाट ऐकायचं. गाणं संपवायचं असलं की म्होरक्या पाय उचलतो, ही ब्लूग्रासमधली जुनी खूण आहे. आठ वर्षांच्या पोराने पाय उचलला आणि आईबाबा थांबले, की त्याचा चेहरा बघ तू! चूक झाली तर वाजवताना बोलायचं नाही, नंतरही एकच चूक सांगायची. स्टेजवर तर डोळेसुद्धा वटारायचे नाहीत गं, पहिल्या रांगेतल्यांना दिसतं.

एकाच माइकसमोर वाजवणार असाल तर त्याचीही तालीम लागते. ज्याचा ब्रेक तो पुढे, बाकीचे एक पाऊल मागे. बो कुणाच्या डोळ्यात जाऊ नये, गिटारचा दांडा कुणाला लागू नये. दिवाणखान्यात एक स्टूल ठेवून त्याभोवती नुसतं फिरून बघा, वाद्यं हातात, आवाज नाही. तू बास घेऊन मागे एका जागी उभी, तुला फिरायचंच नाही. आणि उन्हात उभ्या गाडीत वाद्यं अजिबात ठेवू नका. सरस सुटतो, लाकूड वाकतं.

गाण्यांचे शब्द मात्र तू स्वतः वाच. जुन्या बॅलड्समध्ये प्रेमात फसवून पोरीला मारून टाकल्याच्या कथा बऱ्याच आहेत. चाल इतकी गोड की लक्षातच येत नाही, आणि दहा वर्षांची लेक ते गुणगुणत फिरते. चर्चमधली भक्तिगीतंही खूप. ती गायची की नाही याचं तुझ्या मनात दडपण आहे ना? मनापासून गाता आली तर गा, नाहीतर फिडलच्या नुसत्या वाजवायच्या चाली शेकड्याने आहेत. मेळ्यातला तुमचा अर्धा तास त्यांवर सहज निघेल. कुणी वाईट वाटून घेत नाही. तुम्ही चौघं वेगळे दिसाल म्हणून घाबरू नकोस. लय धरलीत की इथले लोक पाय आपटायला लागतात.

एक गोष्ट आत्ताच मनाशी ठरवून ठेव. लेक पंधरा-सोळाची झाली आणि ‘मला आता नाही वाजवायचं’ म्हणाली, तर रडारड करायची नाही. चेरीहोम्सनीही 2011 मध्ये बँड थांबवला, मुलं मोठी झाली होती, त्यांना आपापली वाट धरायची होती. मुलांना सोडायची मोकळीक असली तरच वाजवण्यात गोडी राहते, हे माझं ठाम मत आहे.

तर बाई, या शनिवारी दुकानात जा आणि भाड्याच्या बासची चौकशी कर. रविवारी संध्याकाळी मी पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन येते, स्वयंपाकाचं नाव काढू नकोस. तू फक्त जी आणि डीच्या तारा सुरात लावून ठेव.