फ्लायव्हील एकसंध की दुहेरी?

मागच्या पालक सभेनंतर एक पालक थांबले. त्यांची डिझेल गाडी बेळगाव ते पणजी भाड्याने जाते आणि घरखर्च त्याच गाडीवर चालतो. गाडी सुरू करताना आणि बंद करताना खालून दणका बसतो, उभी असताना खडखड ऐकू येते, अशी त्यांची तक्रार होती. गॅरेजने त्यांना दोन आकडे दिले होते. मूळ होते तसे दुहेरी, म्हणजे ड्युअल मास फ्लायव्हील नवीन घालायचे तर एक आकडा, आणि ते काढून साधे एकसंध बसवायचे तर त्याच्या जवळपास निम्मा. ते म्हणाले, "सर, तुम्ही विज्ञान शिकवता. निम्म्यात काम होत असेल तर दुप्पट कशाला घालू?"

प्रश्न रास्त होता. मी चार दिवस मागून घेतले. त्यांना दिलेले उत्तर इथे सविस्तर लिहितो, कारण त्यात तुमच्या पुस्तकातले जडत्व, गतिज ऊर्जा आणि कंपने सगळेच येते.

आजीला जात्यावर दळताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना फ्लायव्हील वेगळे शिकवावे लागत नाही. खुंट्यावर हाताचा जोर पूर्ण फेरीभर सारखा पडत नाही, तरी वरचा दगड सारखा फिरतो, कारण तो जड आहे. इंजिनाचेही तसेच. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या एका फेरीत दोनदा स्फोटाचा जोर मिळतो. मधल्या वेळात उलट हवा दाबण्यासाठी जोर खर्च होतो. ही उणीव फ्लायव्हील भरून काढते. आपल्या भागात गुऱ्हाळावर जुने एका सिलिंडरचे डिझेल इंजिन कुणी पाहिले असेल, तर त्याचे भले मोठे चाक आठवा. तिथे दोन फेऱ्यांत एकदाच जोर मिळतो, म्हणून चाक तेवढे मोठे.

थोडे गणित करू. १० किलोचे, १३ सेंटिमीटर त्रिज्येचे भरीव चाक घ्या. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर त्यात साधारण ३०० जूल ऊर्जा साठते. १० किलोचे पोते तीन मीटर उचलायला लागते तेवढीच ही ऊर्जा. फेऱ्या दुप्पट, म्हणजे १,६०० केल्या की ती चौपट, १,२०० जूल होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे कमी फेऱ्यांवर फ्लायव्हील दुबळे असते आणि धक्के तिथेच जास्त जाणवतात. डिझेल इंजिनात हवा पेट्रोलपेक्षा खूप जास्त दाबली जाते, त्यामुळे प्रत्येक धक्काही मोठा. त्यात टर्बोमुळे आजची इंजिने कमी फेऱ्यांवरच भरपूर ताकद देतात. अडचण बरोबर तिथे येते.

हे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचले तर काय होते? गिअरबॉक्समधील दात्यांच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात. ताकद एकाच जोडीतून जाते, बाकीच्या नुसत्या फिरतात. दात्यांमध्ये तेलापुरती फट असते. शाफ्ट झटके देत फिरला की हे रिकामे दाते फटीत पुढे-मागे आपटतात. खडखड येते ती बऱ्याचदा यातून.

म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये कुठेतरी स्प्रिंग हवीच. माझ्या मते सगळा प्रश्न इतकाच आहे, की ती स्प्रिंग कुठे बसवायची. जुन्या गाड्यांत फ्लायव्हील म्हणजे बिडाचे एकसंध चाक असते आणि स्प्रिंगा क्लच प्लेटच्या मधोमध असतात. त्या आखूड आणि कडक असतात, कारण तिथे जागाच थोडी.

आता एक प्रयोग घरी करा. सात-आठ रबर बँड एकमेकांत गुंफून साखळी करा आणि तिला एक मोठे कुलूप टांगा. वरचे टोक हातात धरून हात अगदी सावकाश वर-खाली करा; कुलूप हाताबरोबर जाईल. वेग थोडा वाढवा. एका ठराविक वेगाला कुलूप वेड्यासारखे उसळेल. याला अनुस्पंदन म्हणतात. आता आणखी भरभर हात हलवा. कुलूप जवळजवळ स्थिर राहील! हात म्हणजे इंजिन, रबर म्हणजे स्प्रिंग आणि कुलूप म्हणजे गिअरबॉक्स. यानंतर एकाऐवजी दोन कुलपे टांगा, नंतर रबराची साखळी लांब करा. दोन्ही वेळा उसळी आधीपेक्षा कमी वेगाला येईल.

एकसंध फ्लायव्हीलच्या गाडीत सगळे वजन इंजिनाच्या बाजूला असते. स्प्रिंगच्या पलीकडे फक्त क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट, म्हणजे हलके कुलूप आणि कडक रबर. त्यामुळे उसळी साधारण १,२०० ते २,००० फेऱ्यांच्या दरम्यान कुठेतरी येते, म्हणजे नेमकी गाडी चालवण्याच्या पट्ट्यात. १९८०च्या दशकात जर्मनीतल्या लुक कंपनीने यावर जो उपाय बाजारात आणला तो तुमच्या दोन कुलपांसारखाच आहे. फ्लायव्हीलचे दोन भाग केले. एक क्रँकशाफ्टला पक्का, दुसरा बेअरिंगवर मोकळा आणि त्यावर क्लच. दोघांच्या मध्ये ग्रीसमध्ये बसवलेल्या लांब, कमानीसारख्या, मऊ स्प्रिंगा. वजनाचा काही भाग स्प्रिंगच्या पलीकडे गेला आणि स्प्रिंगही मऊ झाली. त्यामुळे उसळीचा वेग आयडलिंगच्याही बराच खाली गेला. गाडी चालू असताना तो येतच नाही. येतो फक्त इंजिन सुरू होताना आणि बंद होताना, एक क्षणभर. दुहेरी फ्लायव्हील झिजले की दणका नेमका त्याच वेळी बसतो, याचे कारण आता तुमच्या लक्षात आले असेल.

सुखाची किंमत असतेच. एकसंध चाकात झिजणारे काही नाही. वरचा पृष्ठभाग खराब झाला तर आपल्या उद्यमबागेत लेथवर फेस मारून मिळतो. दुहेरीत स्प्रिंगा, ग्रीस, बेअरिंग सगळेच झिजते आणि त्याला लेथवर सहसा चढवत नाहीत. चालवण्याची सवयही त्याला मारते. चोर्ला घाटात भरलेली गाडी चौथ्या गिअरमध्ये हजार फेऱ्यांवर रेटली, की मऊ स्प्रिंगा शेवटपर्यंत दबून आपटतात. डिझेल वाचवण्यासाठी वरचा गिअर, हा आपल्याकडचा आवडता हिशेब इथे उलटा पडतो.

दुसरा शत्रू इंजेक्टर. चारही सिलिंडर सारखे पेटत असतील तर ८०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे २७ धक्के बसतात आणि मऊ स्प्रिंग ते आरामात पचवते. पण एक सिलिंडर कमी जोर देत असेल, तर दर दोन फेऱ्यांनी एक लंगडा ठेका उमटतो, म्हणजे सेकंदाला सुमारे सात. हा ठेका स्प्रिंगच्या उसळीच्या जवळ जातो. मग नवे फ्लायव्हीलही फार टिकत नाही. म्हणून त्या पालकांना मी पहिले हेच सांगितले, की आधी इंजेक्टर, स्टार्टर आणि इंजिनाचे माउंटिंग तपासून घ्या. त्यांपैकी कशामुळेही दणका बसू शकतो. आणि गिअरबॉक्स उतरवल्यावर फ्लायव्हीलचा दुसरा भाग हाताने फिरवून त्याची ढिलाई उत्पादकाने दिलेल्या मर्यादेशी पडताळून पाहायला सांगा. थोडी ढिलाई नव्यातही असते. "हलते म्हणजे गेले" हे खरे नाही.

मग एकसंध बसवणे चूकच का? नाही. व्हॅलिओसारख्या कंपन्या दुहेरीऐवजी बसवायचे एकसंध फ्लायव्हीलचे संच स्वतः बनवतात. त्यात फ्लायव्हीलबरोबर मुद्दाम तयार केलेली, जास्त फिरणाऱ्या स्प्रिंगांची क्लच प्लेट येते. कमी फेऱ्यांवर आवाज आणि थरथर थोडी वाढते, गिअरबॉक्सवर ताण वाढतो, पण काम चालते. खरा धोका अर्धवट कामात आहे. दुहेरी फ्लायव्हीलच्या गाडीत क्लच प्लेटला सहसा स्प्रिंग नसते, कारण ती फ्लायव्हीलमध्येच असते. कुणी नुसते फ्लायव्हील बदलून एकसंध घातले आणि प्लेट जुनीच, बिनस्प्रिंगची ठेवली, तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये काहीच उरत नाही. सगळे धक्के थेट दात्यांवर. वाचवलेले पैसे गिअरबॉक्सच्या कामात जातात आणि वर धंद्याचे दिवस बुडतात.

एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ नियम आले आणि मारुती सुझुकीने त्याच सुमारास डिझेल मोटारी बंद केल्या. छोट्या डिझेल गाड्या नव्या मिळणे अवघड झाल्यापासून आहे ती गाडी सांभाळण्याकडे लोकांचा कल आहे. माझे मत विचाराल तर, गाडी अजून बरीच वर्षे ठेवायची असेल, प्रवासी बसवून घाट चढायचा असेल, तर मूळचे दुहेरीच घालावे. गाडी जुनी झाली आहे, दोन-तीन वर्षांत विकायची आहे, बहुतेक फिरणे गावातच आहे, तर त्याच मॉडेलसाठी बनवलेला पूर्ण संच घेऊन एकसंध घालायला हरकत नाही. दोन्ही वेळा क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलचे बोल्ट एकदमच नवे घालावेत, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागते.

त्या पालकांच्या गाडीत एक इंजेक्टर कमजोर निघाला आणि फ्लायव्हीलची ढिलाईही मर्यादेबाहेर होती. त्यांनी इंजेक्टर दुरुस्त करून दुहेरीच बसवले. जुने फ्लायव्हील भंगारात न देता त्यांनी आपल्या प्रयोगशाळेला दिले आहे. खिडकीजवळच्या टेबलावर ते ठेवले आहे. खालचा भाग एकाने घट्ट धरावा, वरचा दुसऱ्याने फिरवावा. आधी मोकळे फिरेल, मग स्प्रिंग अडवेल. कडेच्या दात्यांची रिंगही पाहा. ती तापवून, प्रसरण पावल्यावर चाकावर बसवतात आणि थंड झाल्यावर ती आवळते. अजून ग्रीस लागलेले आहे, तेव्हा गणवेश सांभाळा.