ताम्हिणीमार्गे किनारा: हिवाळ्यातील मोटारप्रवास

प्रश्न : डिसेंबरात पुण्याहून मोटारीने कोकण किनाऱ्याचा प्रवास कसा आखावा?

उत्तर : ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असा क्रम ठेवणे इष्ट, कारण आरावी-शेखाडीजवळ रस्ता समुद्राला इतका लगटून जातो की एका बाजूस डोंगर आणि दुसरीकडे काळ्या कातळावर फुटणाऱ्या लाटा दिसतात, हा टप्पा घाईत मुळीच उरकू नये. मुळशीच्या जलाशयालगत पहाटे धुके दाटते, म्हणून ऊन वर येईपर्यंत घाट टाळावा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीतच करावी. पुढे बागमांडला-वेसवी जंगलजेटीने, म्हणजे वाहने वाहून नेणाऱ्या सपाट बोटीने, सावित्रीची खाडी ओलांडल्यास दापोलीकडे जाताना मोठा वळसा वाचतो.