दारातली गर्दी

कफर्णहूममधील त्या घराची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत (मार्क 2:1-12). प्रभू येशू घरात शिकवण देत होता. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून घेऊन आले. आत शिरायला वाट मिळेना, तेव्हा ते वर चढले, छप्पर उसकटले आणि बाज खाली सोडली. प्रवचनात त्या चौघांच्या श्रद्धेचे कौतुक होते व ते योग्यच आहे. पण वाट कोणी अडवली होती? दारात उभे होते ते प्रभूचे वचन ऐकायला आलेले भाविकच. त्यांची पाठ त्या माणसाकडे होती, एवढेच.

आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद नेताना आम्हांला चाळिशीतला एक भाऊ भेटला. लहानपणी पोलिओ झालेला. चाकाच्या खुर्चीवरून बाजारात जातो, मोबाइल दुरुस्त करून घर चालवतो. मिस्सेला का येत नाहीस, असे आम्ही सहज विचारले. तो म्हणाला, "चार पायऱ्या आहेत. दर वेळी दोघे-तिघे धावत येतात, खुर्चीसकट उचलतात. मनाने चांगले आहेत हो, पण सगळे चर्च वळून बघते. मला माझा मी आत यायचे आहे."

आम्हांला उत्तर सुचले नाही. त्याची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "हा आजारी पडला तेव्हा शेजारणी विचारायच्या, कोणाचे पाप फेडतेस ग बाई?"

नेमका हाच प्रश्न शिष्यांनी जन्मांध माणसाविषयी विचारला होता. त्याचेही पाप नाही, आईबापांचेही नाही, असे प्रभूने स्पष्ट सांगितले (योहान 9). दोन हजार वर्षे झाली, तरी आपल्या ओटीवर तो प्रश्न अजून निघतो, आणि तोही रोजरीची प्रार्थना आटोपल्यावर! जुन्या नियमशास्त्रात तर अंध वा पांगळ्या याजकाला वेदीजवळ अर्पण करण्यास मनाई होती (लेवीय 21). प्रभूकडे मात्र आंधळे आणि पांगळे थेट मंदिरातच आले, हे मत्तयने मुद्दाम नोंदवले आहे (21:14). सन 2024 मध्ये केरळात त्रिशूर येथे एका कर्णबधिर तरुणाला गुरुदीक्षा मिळाली. आज तो सांकेतिक भाषेत मिस्सा अर्पण करू शकतो.

आता थोडे कायद्याविषयी. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्याने ते 21 केले. याच कायद्यात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे, तिच्यात धार्मिक कार्यासाठी वापरली जाणारी इमारतही येते. म्हणजे चर्चसुद्धा. आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द चांगला की वाईट यावर वाद आहे. त्या भावाला आम्ही विचारले, तर तो म्हणाला, "काहीही म्हणा, पायऱ्यांचे बघा."

म्हणून पायऱ्यांकडे वळू. उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, हा सर्वमान्य हिशेब आहे. आपल्या चार पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे दोन फूट उंची आणि चोवीस फूट उतार. बाजूला कठडा हवा, वर खुर्ची वळवायला सपाट जागा हवी. जागा वाचवण्यासाठी आठ फुटांत उरकलेला उतार आपण पुष्कळ ठिकाणी पाहतो. त्यावरून हातगाडी चढेल, खुर्चीवरचा माणूस एकट्याने चढणार नाही. आत गेल्यावरही त्याला शेवटच्या बाकामागे दारात ठेवू नये. पुढचा एखादा बाक आखूड केला तर तो आपल्या घरच्यांसोबत बसू शकेल.

डाव्या बाजूच्या दारापाशी चोवीस फूट जागा आहे. आम्ही टेप लावून मोजली. रविवारी तिथे आपल्या स्कूटर उभ्या असतात.