जुन्या घरात एसी : मशीन सगळ्यात शेवटी

मार्च लागला की एसीच्या दुकानांत झुंबड उडते आणि बहुतेक जण कामाला उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी मशीन घेतात. खोकी दारात येऊन पडतात, कंपनीचा माणूस ड्रिल घेऊन हजर होतो, आणि मग कळतं की वायर जुनी आहे, अर्थिंग नाही, शिवाय ज्या भिंतीवर मशीन लावायचं तिचा गिलावा नखाने सुटतोय. त्या माणसाला दिवसभरात अशी आणखी घरं उरकायची असतात, तुमच्या घराचा विचार करत तो थांबणार नाही. नव्या फ्लॅटमध्ये हे खपून जातं, कारण एसीचा पॉइंट, ड्रेनचा पाइप आणि भिंतीतलं भोक बिल्डरनेच ठेवलेलं असतं. पन्नास-साठ वर्षांच्या घराला हा क्रम चालत नाही. तिथे आधी वीज, मग भिंत, मग फटी, मग पाण्याची वाट, आणि मशीन सगळ्यात शेवटी.

खाली जे सांगितलं आहे ते विटांच्या भिंतींवर उभ्या असलेल्या, म्हणजे लोड-बेअरिंग, घराला धरून आहे. दादर-गिरगावातल्या जुन्या इमारती, पुण्यातले पेठांमधले आणि डेक्कनचे बंगले, नागपूर-सोलापूरकडची जुनी घरं बहुधा याच जातीची. वाड्याचं आणि कडीपाटाचं वेगळं असेल तिथे तसं म्हटलं आहे.

सगळ्या घराला मिळून एकच मशीन, म्हणजे डक्टचा सेंट्रल एसी, बसवावा का, हा प्रश्न बंगलेवाले हमखास विचारतात. डक्टला फॉल्स सीलिंगच्या वर फूट-सव्वा फूट जागा लागते, आणि अकरा-बारा फुटी छताखाली ती सहज मिळते. अडचण भिंतींची आहे. डक्ट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचा तर चौदा इंची भिंतीला भगदाड पाडावं लागतं, आणि अशा घरात जवळजवळ प्रत्येक भिंत वरचा भार पेलत असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागा पाहून लेखी दिल्याशिवाय तो विचार करू नये. त्यातून आपल्याकडे रात्री एक-दोन खोल्याच थंड लागतात. तेव्हा खोलीपुरता स्प्लिट एसी, हेच माझं मत.

पहिलं काम : वीज

विजेचं बिल काढा आणि त्यावर ‘मंजूर भार’ किती किलोवॅट छापला आहे ते बघा. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना साधारण दीड ते पावणेदोन किलोवॅट खेचतो. साठवणीचा गीझर दोन किलोवॅटचा असतो, इस्त्री एकाची. एका वेळी काय काय चालू असतं ते जोडा. बेरीज मंजूर भाराच्या वर जात असेल तर आधी भार वाढवून घ्यायचा अर्ज करा. त्यासाठी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून वायरिंग तपासून घ्यावं लागतं, आणि ती तपासणी तशीही करायचीच आहे.

मग मीटरपासून घरात येणारी मुख्य वायर बघा. लाकडी पट्टीतून नेलेली ॲल्युमिनियमची वायर आणि चिनीमातीचे किटकॅट फ्यूज अजून कित्येक घरांत आहेत. त्यावर पंखे-दिवे चालत आले म्हणून एसी चालेल असं नाही. जुन्या ॲल्युमिनियमला नवं तांबं नुसतं पिळून जोडलं की तो सांधा तापतो, काळा पडतो, आणि एखाद्या रात्री जळका वास सुटतो. मुख्य वायर बदलूनच घ्या. एसीसाठी बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढा, मध्ये एकही सांधा नको. दीड टनाला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, टनाच्या मशीनला अंतर कमी असेल तर 2.5 चालते. दीड टनाला 20 अँपिअरचा ‘सी’ जातीचा एमसीबी लावा. ‘सी’ अशासाठी की कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जादा करंट घेतो, आणि ‘बी’ जातीचा तेवढ्यावरच पडण्याची शक्यता असते. त्याच्या जोडीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारा स्विच, हवाच.

अर्थिंगपाशी जरा जास्त वेळ थांबा. जुन्या इमारतींत वरच्या मजल्यांची अर्थची वायर पुष्कळदा नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली सापडते. पाइप जमिनीत गेलेला असे, त्यामुळे कसंबसं काम भागायचं. पुढे गंजलेले पाइप काढून सोसायटीने प्लॅस्टिकचे टाकले. वायर अजून तिथेच आहे, हिरवी, नीट गुंडाळलेली, आणि तिचा जमिनीशी काडीचाही संबंध उरलेला नाही. सॉकेटला तीन भोकं दिसतात म्हणून अर्थिंग आहे असं समजू नका. मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट. एवढ्याने वायर तुटलेली नाही इतकंच कळतं. जमिनीचा रोध किती हे अर्थ टेस्टरनेच मोजता येतं, तेव्हा तो घेऊन येणारा वायरमन बोलवा. गरज पडली तर तळमजल्याजवळ नवा अर्थिंगचा खड्डा करून तिथून स्वतंत्र वायर वर आणा. खर्च येईल, पण या एका कामावर घासाघीस नको.

दुसरं : भिंत आणि बाहेरचं मशीन

आतलं युनिट दहा-बारा किलोचं असतं. जिथे ते येणार तिथे छोट्या हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. ‘ठक्’ असा भरीव आवाज आला तर ठीक. डबडब वाजलं तर गिलावा विटेपासून सुटलेला आहे. तेवढा भाग काढून, वीट धुऊन, नवा गिलावा करा आणि सात-आठ दिवस पाणी मारा. चुन्याच्या जुन्या भिंतीवर जाडजूड सिमेंट थापू नका, चुन्याचं हलकं मिश्रण वापरा, नाही तर पुढच्या पावसाळ्यात कडेने ओल धरते. वाड्याच्या कच्च्या विटांच्या भिंतीत खिळा-स्क्रू धरतच नाही. तिथे लाकडी खांबांना किंवा सऱ्याला आधार घेऊन जाड प्लायची फळी बसवा आणि युनिट त्या फळीवर लावा.

उंची किती ठेवायची? इथे जुन्या घरात हटकून चूक होते. छत बारा फुटांवर, म्हणून युनिटही थेट वर नेऊन टांगतात. गार हवा जड असते, ती खाली बसते. छताजवळची गरम हवा गार करत बसण्यात विजेच्या बिलापलीकडे काही हाती लागत नाही. जमिनीपासून साडेसात-आठ फुटांवर लावा आणि पंखा अगदी हळू ठेवा.

बाहेरच्या युनिटचं वजन पंचवीस ते चाळीस किलो, वर त्याची सततची थरथर. ते खिडकीवरच्या छज्ज्यावर ठेवायची पद्धत आहे, आणि जुन्या इमारतीत ती धोक्याची आहे. साठ वर्षांच्या छज्ज्यातल्या सळ्या गंजून फुगलेल्या असतात, खालून काँक्रीटचे पापुद्रे सुटलेले दिसतात. जमीन किंवा गच्ची मिळत असेल तर तिथेच ठेवा. नाही तर भरीव भिंतीवर आरपार बोल्टचा स्टँड करा. मागे फूटभर आणि पुढे किमान दोन फूट मोकळं हवं. समुद्राकाठी पत्र्यावर गंज लवकर चढतो, आणि उघड्या नाल्यापाशी तर गटाराच्या वायूने तांब्याला बारीक भोकं पडून गॅस पुनःपुन्हा जातो. त्या बाजूची भिंत टाळा. विदर्भात उन्हाळ्यात पत्र्यावर ठेवलेलं युनिट स्वतःच होरपळतं. वर सावली करा, पण हवा कोंडू देऊ नका. आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला तिथे उभं राहता आलं पाहिजे. ग्रिलच्या बाहेर, तिसऱ्या मजल्यावर, एका हाताने गज धरून कुणी पाना फिरवावा अशी जागा निवडूच नका.

सोसायटीची परवानगी, आणि पागडीची खोली असेल तर घरमालकाचीही, लेखी घ्या. मुंबईत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेच्या आर्ट डेको इमारती 2018पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. अशा ठिकाणी दर्शनी भिंतीवर मशीन टांगायचा विचार सोडून द्या, मागची बाजू शोधा. तीस वर्षांवरच्या इमारतीला मुंबईत संरचनात्मक तपासणी करावी लागते. तो अहवाल सोसायटीकडे असेल तर आधी वाचून घ्या, कोणत्या भिंतीला हात लावू नये ते त्यात सापडेल.

तिसरं : फटी

संध्याकाळी पंखा बंद करून उदबत्ती लावा आणि खिडकीच्या चौकटीभोवती, दाराखाली, झरोक्यापाशी सावकाश फिरवा. धूर जिथे आडवा पळेल तिथे फट आहे. चौकटीला रबरी पट्टी, दाराखाली ब्रश, आणि झरोक्याला काढता येईल अशी ॲक्रिलिकची शीट. शीट पक्की चिकटवू नका, थंडीत जुन्या भिंतींना वारा लागतो. कौलारू छपराखाली पोटमाळा किंवा सीलिंग नसेल तर आधी ते करा, नाही तर गार हवा कौलांतून बाहेर जात राहील.

खोलीला लागून न्हाणीघर असेल आणि त्यात गॅस गीझर असेल तर एसीचा विचार करण्याआधी तो गीझर काढा. फटी बंद केलेल्या जागेत त्याचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो.

आता टन. दहा फुटी छताखाली, मधल्या मजल्यावर, 120 ते 130 चौरस फुटांना एक टन पुरतो. खोली सर्वांत वरच्या मजल्यावर असेल किंवा पश्चिमेची भिंत उघडी असेल तर दीड टन घ्या. ‘असू दे मोठा’ म्हणून दोन टनाचा मात्र नको. खोली पटकन गार होते, मशीन मंदावतं आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो. कोकण-मुंबईत एसीचं बरंच काम तर तो दमटपणा काढायचंच असतं. जाड भिंती दिवसभर तापून रात्री उष्णता परत देतात, म्हणून अशा घरात निजायच्या तासभर आधी एसी लावला तरच बरं वाटतं.

चौथं : पाण्याची वाट

दमट दिवसांत मशीन कित्येक लिटर पाणी काढतं. ते कुठे जाणार हे भोक पाडायच्या आधी ठरवा. ड्रेनचा पाइप दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उताराचा हवा, मध्ये कुठेही झोळ नको. तो सांडपाण्याच्या पाइपात थेट सोडू नका, गटाराचा वास आणि झुरळं त्याच वाटेने खोलीत येतात. शेजाऱ्याच्या खिडकीवर ठिबकणारा पाइप म्हणजे कायमचं भांडण. कडीपाटाच्या घरात तर पाइप कडीच्या वरून किंवा भिंतीच्या आतून नेऊच नका. गळती दिसायच्या आत लाकूड कुजतं, मागोमाग वाळवी येते.

पाचवं : बसवायचा दिवस

आता मशीन आणा. जुन्या एसीची तांब्याची नळी ‘चांगली आहे, हीच वापरू’ असं कारागीर म्हणेल. जुनं मशीन आर-22 गॅसचं असेल तर नाही म्हणा. त्यातलं तेल वेगळ्या जातीचं असतं, आणि नव्या मशीनमधल्या आर-32 गॅसचा दाब आर-22पेक्षा बराच जास्त असतो. नवी, 0.8 मिलिमीटर जाडीची नळी घ्या.

भोक अडीच इंची, कोअर कटरने, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. हातोड्याच्या ड्रिलने चुन्याच्या भिंतीतल्या विटा सैल होतात. अठरा इंची भिंत असेल तर लांब बिट आणायला आदल्या दिवशीच फोन करून सांगा.

नळी कापल्यावर तिचं तोंड खाली धरून आतली कड रीमरने साफ करायची, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. मग फ्लेअर, म्हणजे नळीचं बाहेरच्या बाजूला पसरवलेलं तोंड. ती गुळगुळीत, चहूकडून सारखी, चीर नसलेली हवी. नट हाताने लागेल तेवढा लावून मगच पाना, आणि तो टॉर्कचा असेल तर उत्तम. त्यानंतरच्या व्हॅक्यूमवरून कारागिराची पारख होते. नळीतली हवा काढायला पंप लावायचा असतो. काही जण मशीनमधला थोडा गॅस सोडून हवा ढकलतात आणि दोन मिनिटांत मोकळे होतात. आत ओलावा राहतो, तो तेल बिघडवतो आणि काही वर्षांत कॉम्प्रेसर जातो. शिवाय आर-32 सौम्य का होईना, ज्वालाग्राही आहे. पंप किमान वीस मिनिटं चालू द्या. डिजिटल गेज असेल तर 500 मायक्रॉनच्या खाली आकडा जायला हवा. साधा गेज असेल तर पंप बंद करून दहा मिनिटं काटा जागचा हलत नाही ना ते स्वतः बघा. हलला तर कुठेतरी गळती आहे, साबणाचा फेस लावून शोधायला सांगा.

मशीन सुरू झाल्यावर 24 अंश दिसतील. तारांकित एसींना 1 जानेवारी 2020पासून तेच मूळ तापमान ठेवणं बंधनकारक आहे. चाचणीपुरतं खाली आणा, वीस मिनिटं थांबा, आणि साध्या थर्मामीटरने आत जाणारी व बाहेर येणारी हवा मोजा. फरक 8 ते 12 अंशांचा हवा. मग आतल्या युनिटच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी सावकाश ओता आणि ते बाहेर कुठे पडतं ते खाली जाऊन बघा. नव्या एमसीबीपाशी हात धरून पाहा, अर्ध्या तासाने तो कोमट असावा, गरम नसावा. यातलं एकही जमलं नसेल तर कारागिराच्या कागदावर सही करू नका आणि उरलेले पैसेही देऊ नका. सही झाल्यावर त्याला परत बोलावणं किती अवघड असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.